दुसरा झटका आणि पहिला शब्द

"हा दुसरा झटका आहे," डॉक्टर म्हणाले. मी खाटेवरून ओरडलो, छे, पहिलाच! पण तोंडातून नुसती लाळ आली.

डॉक्टरांचंच खरं होतं. नऊ महिन्यांपूर्वी घोडेगावच्या बाजारात मी बैलाच्या खुरांना पत्र्या, म्हणजे लोखंडी नाल, ठोकत होतो. आम्ही नालबंद खिळे ओठांत धरतो. एकाएकी तोंड वाकडं झालं, खिळे गळून पडले, उजव्या हातातली हातोडीही निसटली. तासाभरात सगळं ठीक झालं. मग काय! आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला मी त्याच दुपारी एक मस्तवाल खोंड एकट्याने दोर टाकून पाडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मी ऐटीत तंबाखूचा बार भरला. माणूस किती मूर्ख असतो ते माझ्याकडे बघून शिका. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, तसा तो झटका सोकावला.

यावेळी सकाळी उठलो तर उजवं अंग हलेना. महायुद्धाचे दिवस, पेट्रोल नाही. कोळशावर चालणाऱ्या खटारा मोटारीतून बायकोने आणि भावाने मला नगरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून हवा भरली. "ब्लड प्रेशर, म्हणजे रक्ताचा जोर, फार वाढलाय. सेरेब्रल थ्रॉम्बोसिस झालाय. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. पहिल्यांदा सुटली, यावेळी नाही सुटली. तंबाखू खातात? मीठ जास्त?"

"व्हय सायेब," बायको म्हणाली. "मीठ तर भाकरीवर बी लागतं. सुका बोंबील लई आवडतो."

"सगळं बंद. तिसरा आला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

हाताची मला तेवढी काळजी नव्हती, हातोडी भावाने मारली असती. पण पाडलेला बैल माझ्या बोलण्याने शांत पडून राहायचा. आवाज गेला तर मी धंद्यातून उठलोच!

नर्सबाई रोज पेला दाखवायच्या. "पाणी म्हणा." शब्द मला डोक्यात लख्ख दिसायचा. तोंडातून निघायचं, "बा बा." शेजारचे रुग्ण मान फिरवायचे. मला रडू यायचं.

बाराव्या दिवशी बायकोने अळणी डाळभात भरवला. मी थुंकून टाकला. तिचा संयम संपला. टोपली उचलून म्हणाली, "खायाचं न्हाई ना? मग मी चालले गावाला!" आणि खरंच दाराकडे निघाली.

"हमीदा!"

कोण ओरडलं? मी! आख्खा शब्द, स्वच्छ!

आमच्यात चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत. बावीस वर्षं मी 'अगं' किंवा 'सलीमची अम्मी' यावर भागवलं होतं. सगळा वॉर्ड उठून बसला. ती धावत आली, पदरात तोंड लपवून हसत होती, रडतही होती. "हळू बोला, मान्सं ऐकत्यात!"

"ऐकू द्या!" नर्सबाई म्हणाल्या. "पुन्हा म्हणा!"

मी पुन्हा म्हटलं. मग आणखी चार वेळा, आणि तो अळणी भातही खाल्ला.

आता हात अर्धाच चालतो, बोलताना अडखळतो, पण बैलांना कळतं. तंबाखू सुटली. तुमच्यापैकी कुणाचं तोंड वाकडं होऊन तासात सरळ झालं, तर बढाया मारू नका, तडक दवाखाना गाठा. त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही. तिसरा झटका कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. येईल तेव्हा येवो. तोवर मी हमीदाला रोज नावाने हाक मारतो, भर बाजारातसुद्धा, आणि ती आता "हळू बोला" म्हणत नाही.