सुरेखाच्या मागावरचे तीन सैल धागे

तुमच्या घरातल्या लग्नाच्या पैठणीला पहिलं हळदीकुंकू कुणी वाहिलं, हे तुम्हाला पाठ असेल. आत्या असेल, मामी असेल, अल्बमात फोटोही असेल. पण ती पैठणी विणली कुणी, आणि विणणारीच्या कपाळावर कुंकू होतं का, हे कधी विचारलंत? नाही ना? मग हर्सूलच्या सुरेखाची गोष्ट ऐका, आणि मधेच उठू नका.

सुरेखाचं घर दोन खोल्यांचं. एकीत सासू वच्छलाबाई, गॅस, भांडी आणि देव, दुसरीत माग. आधी माग बसवला आणि मग त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्या, असं सांडू थट्टेनं म्हणायचा. सांडू म्हणजे तिचा नवरा. लग्नानंतर त्यानंच तिला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवलं आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकायला शिकवलं. चार वर्षांपूर्वी कन्नडच्या घाटात जीप उलटली, त्यात तो गेला. मागावर त्याची अर्धी साडी तशीच होती. तेराव्यानंतर सुरेखानं ती पुरी केली.

मागाची एक रीत आहे. साडी उतरली तरी माग रिकामा करत नाहीत. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागाच्या फणीत अडकवून ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना गाठ मारून सांधायचा. दीड-दोन हजार गाठी, बोटांची सालं निघतात. सांडूनं भरलेला ताणा सुरेखानं आजवर तोडला नाही. त्यालाच सांधत सांधत ती पुढं आली.

आता मागावर होती ती डाळिंबी पैठणी, पदरावर बांगडी-मोर, म्हणजे बांगडीच्या गोलात बसलेले मोर. जिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या फोडल्या, त्या बाईनं गेली चार वर्षं जरीच्या बांगड्या विणल्या, दुसऱ्यांच्या लेकींसाठी. आठ महिने झाले होते, पदर कधीच विणून रुळावर गुंडाळला होता, आणि आता शेवटची वीतभर साडी उरली होती.

तेवढ्यात सोमवारी विश्वजीत आला. विश्वजीतचं शहागंजात दुकान. रेशीम, जर तोच आणून द्यायचा, तयार साडी तोच न्यायचा. म्हणाला, गुरुवारी नवरीकडचे लोक माग बघायला येणारेत. मागाची पूजा करतील, नवरी स्वतः तीन धागे विणेल, त्याचा व्हिडिओ काढतील. आजकाल तसं चालतंय. एवढं बोलून त्यानं कान खाजवला आणि खरी गोष्ट सांगितली. पार्टीनं ऑर्डर देतानाच विचारलं होतं, विणणारी सवाष्ण आहे ना? आणि यानं हो म्हणून ठेवलं होतं.

"असं कामून सांगितलं, भाऊ?" सुरेखानं विचारलं.

"ताई, मग काय सांगू? नाय म्हटलो असतो तर तुमचाच माग आठ महिने बंद राहिला असता. एक तासाचा तर मामला हाय. टिकली लावा, मंगळसूत्र घाला. मालक वाळूजला कंपनीत हायेत, फर्स्ट शिफ्टला गेलेत, म्हणा."

पुढचा ताणा, म्हणजे पुढचं काम, या साडीवरच अवलंबून आहे, हेही तो जाता जाता बोलला. आवाज चढवून बोलला असता तर सुरेखानं चार शब्द सुनावले असते. पण तो अगदी मऊ आवाजात बोलला, आणि सुरेखा मान हलवून परत मागावर बसली.

मंगळवारी तिच्या हातून काठाचा रंग चुकला. उसवून पुन्हा विणला, पुन्हा चुकला. गल्लीतल्या नळावर कुणी पाहुण्यांना बोललं तर? शेजारची पोरं सांडूकाकांचा फोटो दाखवून मोकळी झाली तर? भिंतीवरचा हार घातलेला फोटो तिनं उतरवला, तर मागं पांढरा चौकोन उठून दिसायला लागला. तिथं तिनं कॅलेंडर टांगलं. आरशापुढं उभी राहून "वाळूजला असत्यात, फर्स्ट शिफ्ट" असं दहा वेळा म्हणून पाहिलं. दरवेळी शेवटच्या शब्दाला आवाज पातळ व्हायचा.

बुधवारी वच्छलाबाईंनी डाळीच्या डब्यातून सुरेखाचं जपून ठेवलेलं मंगळसूत्र काढून तिच्यापुढं ठेवलं. वच्छलाबाईंना विधवा होऊन वीस वर्षं झाली होती. कपाळावर कुंकू नव्हतं, हिरवं गोंदण तेवढं होतं, कारण ते कुणाला पुसता आलं नाही.

"आत्याबाई, हे घालून खोटं बोलू?"

"माग गेला तर खरं बोलून काय खाशील? घाल गुमान."

गुरुवारी सुरेखानं टिकली लावली, मंगळसूत्र घातलं, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. नवरीचे वडील व्यंकटराव फोनवर बोलत गाडीतच बसून राहिले. आत आल्या नवरी चारुता आणि तिची आई कालिंदीबाई. कालिंदीबाई वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगतो. वाईट बाई असती तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी मागाला हात जोडले, हळदीकुंकू वाहिलं, सुरेखाची बोटं हातात घेऊन घट्टे पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मालक कुठं असतात, हेही विचारलं. सुरेखानं वाळूजची शिफ्ट बिनचूक सांगितली. दारात उभ्या विश्वजीतनं सुटकेचा श्वास टाकला.

मग चारुता मागावर बसली. काठाचे धोटे सुरेखानं सांभाळले, मधला चारुतानं फेकला. एक, दोन, तीन. नवख्या हाताचे धागे जरा सैल पडले, पण पोरगी हरखली. फोन आईकडं देऊन म्हणाली, आता ताईंना कुंकू लाव, आणि ताईंनी नाव घ्यायचं, त्याशिवाय व्हिडिओ पुरा नाही.

नाव घ्यायचं, हे विश्वजीतनं सांगितलं नव्हतं. त्याची तयारीच नव्हती. आणि चार वर्षांत सुरेखाला सांडूचं नाव घे, असं एकाही माणसानं म्हटलं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवतच नाहीत, तर नाव कोण विचारणार? घरातसुद्धा वच्छलाबाई "तो" म्हणायच्या. एका हातात फोन धरून कालिंदीबाईंनी कुंकवाचं बोट पुढं केलं होतं. सुरेखा मागं सरकली, मागाच्या लाकडाला टेकली, आणि म्हणाली,

"जुन्या ताण्याला नवा ताणा, गाठ दिली बांधून,
सांडूराव गेले, पण माग दिला सांधून."

कुणी टाळी वाजवली नाही.

"चार वर्षं झाली, ताई. कन्नडच्या घाटात. वाळूज-बिळूज काय नाय. कुंकू लावू नका, नंतर तुम्हालाच वाईट वाटंल."

कालिंदीबाईंचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते रुमालाला पुसलं, डबी मिटली आणि "बघू, कळवतो," एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या. विश्वजीत उगाच हसला, आणि त्यांच्या मागं पळाला.

सांजच्याला त्याचा फोन आला. विणू नका, उसवू नका, कापू नका, निरोप येईपर्यंत हात लावू नका. सुरेखानं मागावर चादर टाकली. आठ दिवस निरोप नाही. कामाशिवाय हातांचं काय करावं हेच तिला कळेना. फोन वाजला की ती धावत जायची, आणि नाही वाजला की चार्जिंग आहे का बघायची. मधेच चादर उचलून ती ते तीन सैल धागे बघायची. साडी दुसऱ्याला विकायची तर ते उसवावे लागणार. आणि नवरीच्या हातचे धागे उसवायचे, हेही मनाला पटेना. वच्छलाबाई टोमणे मारत नव्हत्या, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

रविवारी दुपारी स्कूटीवरून चारुता एकटीच आली. उंबऱ्यात चप्पल काढली आणि आधी विचारलं, "माझे धागे दिसतात का हो?"

"दिसत्यात. सैल पडलेत. खोचायच्या टोकाला हायेत, नेसल्यावर कुणाला दिसायचे नाहीत. काढू का?"

"नका काढू."

मग तिनं खाली मान घालून आईचा निरोप सांगितला. साडी घेणार. फक्त मागावरून साडी उतरवताना कातर एखाद्या सवाष्णीनं चालवावी, एवढंच. सुरेखानं मागावरची चादर काढून घडी घातली. तिच्या डोक्यात पुढचा ताणा होता, हो म्हणणं सोपं होतं. पण आतल्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि वच्छलाबाई दारात आल्या.

"आठ महिने हिच्या हातची वीण चालली, अन् कातर तेवढी चालत नाय व्हय, बाई?"

वच्छलाबाईंनी कातर सुनेच्या हातात ठेवली. सुरेखानं उरलेली वीत तिच्यासमोर बसून विणली. चारुता शेवटपर्यंत थांबली. सांडूच्या ताण्याला सांधत आलेल्या धाग्यांची टोकं फणीत राहतील एवढी जागा सोडून सुरेखानं साडी कापली. चारुतानं साडीचं दुसरं टोक धरलं होतं.

साडी गेली. पुढचा ताणा अजून आलेला नाही. विश्वजीत बघतो म्हणतो. चारुतानं जाताना पत्रिका दिली, वर पेनानं लिहिलेलं: सुरेखाताई, यायचंच. आईला हे ठाऊक आहे का, ते सुरेखानं विचारलं नाही. लग्न अठरा तारखेला आहे. तिनं एक साडी इस्त्री करून दाराला टांगली, काढली, परत टांगली. हॉलच्या दाराशी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पोरी उभ्या असतात, आपल्याला बघून त्यांचं बोट हवेत थांबलं तर, एवढीच धास्ती.

सुरेखा जाईल की नाही, मला माहीत नाही. पण तुमच्या घरीही लग्नं होतात, आणि अशी बाई तुमच्याही दाराशी येऊन चार पावलं मागं थांबते. ती दिसली तर तिला आत बोलवा, आणि ताटातलं कुंकू तिला लावू का म्हणून आधी तिलाच विचारा. दुसऱ्या कुणाला विचारू नका.