फक्त दोघांचा फोटो

माझ्या नवऱ्याला चाहते मिळाले तेव्हा त्याचे निम्मे केस पांढरे झाले होते. तोवर त्याच्या अभिनयाचं कौतुक करणारे म्हणजे ऑफिसातले दोघंतिघं, माझी मोठी बहीण आणि मी. तो ठाण्यात कोलशेतच्या एका औषध कंपनीत नोकरी करतो. कॉलेजात एकांकिका, पुढे हौशी नाटकं, एकदा मालिकेत नाडी बघून मान हलवणारा डॉक्टर, एवढीच त्याची कारकीर्द. नाटक आणि नोकरी या दोन्हींच्या मध्ये मी बसते, असं मी गमतीने म्हणायचे, आणि तो हसायचा.

मग एका तरुण दिग्दर्शिकेचा फोन आला. ठाण्यात एका फ्लॅटमध्ये बरीच वर्षं एकत्र राहणारे दोन पुरुष, बाहेर सगळ्यांना सांगतात की आम्ही रूममेट आहोत, आणि अचानक एकाची आई राहायला येते. तीन पात्रांचं नाटक. नवऱ्याने मला विचारलं, "करू का?" मी म्हणाले, "कर की. त्यात विचारायचं काय?" मला खरंच तसं वाटलं होतं. आजही त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसरा नट बँकेत होता, स्वतः गे होता, आपल्या पार्टनरसोबत वर्तकनगरला राहायचा आणि त्याबद्दल सहज बोलायचा. माझ्या हातची आमटी त्याला फार आवडायची. त्याचा मला कधी राग आला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांचा तोच समज होतो.

पहिला प्रयोग मी प्रेक्षकांत बसून बघितला. वर्तकनगरच्या एका संस्थेचा छोटा हॉल, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दिग्दर्शिकेला दुसरा अंक पटला नाही, तिने तो बराच बदलला. त्यानंतर मी आत बसले नाही, कारण दारातल्या तिकिटांच्या टेबलावर कोणीतरी हवं होतं आणि माझी रविवारी दवाखान्याला सुट्टी असते. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला आहे, आलेल्या माणसाला थांबवून ठेवणं मला जमतं.

तिसऱ्या प्रयोगापासून ती मुलं दिसायला लागली. आठ-दहा जणांचा घोळका. त्यांची पुढारी म्हणजे कल्याणची एक मुलगी, केस बारीक कापलेले, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने नाटकाचं इन्स्टाग्राम पेज काढलं होतं, कोणी सांगितलेलं नसताना. नाटकातल्या दोन पात्रांची नावं जोडून त्यांनी एकच नाव केलं होतं आणि प्रयोग संपला की सगळे त्याच नावाने ओरडायचे. घोळक्यापासून जरा लांब एक काका उभे असायचे, साठीचे, कोपरीचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते ओरडत नसत. दोन्ही नटांशी हात मिळवायचे, "छान" म्हणायचे आणि जायचे.

एकदा प्रयोगानंतर मी टेबल आवरून नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिले. कल्याणची मुलगी फोन घेऊन आली आणि मला म्हणाली, "ताई, जरा बाजूला होता का? फक्त दोघांचा फोटो हवाय." मी बाजूला झाले. तेवढ्यात तिला वाटलं की आपणही फोटोत यावं, म्हणून तिने फोन माझ्याच हातात दिला. "ताई, काढता का प्लीज? सरांना जरा जवळ यायला सांगा ना."

मी सांगितलं. "सर, जवळ या." नवरा माझ्याकडे बघून हसला आणि जवळ गेला. मी फोटो काढला. चांगला आला होता.

घरी येऊन मी भाचीच्या जुन्या अकाउंटवरून ते पेज फॉलो केलं. मग सवयच लागली. दवाखान्यात पेशंट आत गेला की मी उघडायचे. नवऱ्याच्या क्लिप, त्यावर गाणी लावलेली, खाली शेकड्यांनी बदाम. "ह्यांची नजर बघा." "असं कोणी आपल्याकडे बघितलं तर मरायला तयार." मी ती नजर मोठी करून बघायचे. खरंच बघत होता तो. आमच्या घरात तो टीव्हीकडे बघतो, नाहीतर भाजीत मीठ कमी असलं तर माझ्याकडे.

पुण्याला शिकणाऱ्या लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, याला शिपिंग म्हणतात, दोन पात्रांची मनातल्या मनात जोडी लावणं. ते पात्रांवर प्रेम करतायत, बाबावर नाही. तू चिडू नकोस."

"मी कुठे चिडलेय?"

"तुझा आवाज."

एका दुपारी ती क्लिप आली. बदललेल्या दुसऱ्या अंकातली. बँकवाल्या नटाचा खांदा धरलाय, हात वर जात नाही. तो दुखरा हात आधी बाहीत घालतो, मग शर्ट घसरू नये म्हणून कॉलरचं टोक दातात धरतो आणि दुसरी बाही शोधत राहतो. नवरा येतो, काही न बोलता बाही पुढे धरतो, एकेक बटण लावतो. खालचं चुकतं, तो सगळी काढतो आणि पुन्हा लावतो. त्या क्लिपवर लोक वेडे झाले होते. कल्याणच्या मुलीने तर दातात कॉलर धरलेल्या माणसाचं चित्र काढून स्टिकर केले होते. मुलांच्या फोनच्या पाठीवर, पाण्याच्या बाटल्यांवर, सगळीकडे ते चित्र.

तो माणूस मी होते.

आदल्या वर्षी मला फ्रोझन शोल्डर झालेलं. ड्रेस डोक्यातून घालता यायचा नाही म्हणून घरात मी त्याचे जुने शर्ट वापरायचे आणि अगदी तसंच, कॉलर दातात धरून, बाही शोधत उभी राहायचे. तो पलंगावर बसून मोजे घालत असायचा. एकदाही उठला नव्हता. म्हणजे त्याने सगळं बघितलं होतं, कुठला हात आधी जातो तेसुद्धा, आणि जपून ठेवलं होतं. मग ते दुसऱ्याला दिलं. वर ती बटणंसुद्धा त्यालाच लावली.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. म्हटलं, "ते कॉलरचं कोणी सुचवलं?"

तो म्हणाला, "मी."

"आणि बटणं?"

"दिग्दर्शिकेने विचारलं, मग दुसरा काय करेल? मी म्हटलं, लावेल."

"मग माझी का नाही लावलीस?"

"तू लावू दिली असतीस? तेव्हा जवळ आलं की खेकसायचीस. मी करते माझं, म्हणायचीस."

हे खरं होतं, आणि त्यामुळे मला जास्त राग आला. "तिथे पण दुसऱ्या अंकात तो खेकसतोच की तुझ्यावर," मी म्हणाले. "तरी तू लावतोस." वाटाण्याच्या शेंगा त्याने जवळ ओढल्या आणि सोलायला बसला. मी त्या परत माझ्याकडे घेतल्या.

पुढचा प्रयोग कल्याणला होता. सकाळीच हॉलवाल्याचा फोन आला, दुरुस्तीचं काम निघालंय, हॉल मिळणार नाही. कसली दुरुस्ती, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, समजून घ्या ना." आम्ही समजलो. दिग्दर्शिका रडायलाच लागली. पण त्या मुलांनी दोन तासांत सगळं हलवलं. कोपरीच्या काकांच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून एक हॉल आहे. काकांनी तिथल्या महिला मंडळाला विचारलं, बायकांनी किल्ली दिली. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला मुलांनी स्वतः फोन केले, कल्याणच्या लोकांसाठी दोन गाड्या ठरवल्या. आम्ही पोचलो तेव्हा कोणी खुर्च्या पुसत होतं, कोणी विंगेसाठी चादरी बांधत होतं. काका शिडी धरून उभे होते.

मी बघत राहिले. इतकी वर्षं याच्या नाटकांसाठी मी डबे दिले, ओळखीपाळखीत तिकिटं खपवली, आणि ह्यांनी एका सकाळीत माझ्या सगळ्यावर मात केली. कौतुक वाटत होतं, आणि हेवाही.

"ताई, तुम्ही दारात थांबता का?" कल्याणची मुलगी म्हणाली. मग फोनवर बघत, "तुम्हाला आपल्या ग्रुपमध्ये घ्यायचंय. काय म्हणून सेव्ह करू? मॅनेजर ना?"

"बायको," मी म्हणाले.

"कोणाची?"

मी नुसतं स्टेजकडे बोट केलं. तिचा चेहरा पार पडला. "सॉरी ताई. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू बाजूला व्हायला सांगितलंस, मी झाले." मग मला राहवलं नाही. तिच्या बाटलीवरच्या स्टिकरकडे बघून म्हणाले, "आणि हे माझं आहे. माझा खांदा धरलेला तेव्हा मी असा शर्ट घालायचे."

ती चित्राकडे बघत राहिली. "म्हणजे सरांनी तुम्हाला बघून केलं? किती लकी आहात तुम्ही."

"बघून केलं. तेव्हा उठून काही केलं नाही."

ती हसली नाही. "मग राग येणारच," एवढंच म्हणाली. इतक्या दिवसांत कोणीतरी तेवढंच म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी दार काकांनी सांभाळलं आणि मला आत बसायला लावलं. बटणांचा प्रसंग आला. मी नवऱ्याच्या बोटांकडे बघत होते. तिसरं बटण लावताना तो जरा ओठ मुडपतो, सुईत दोरा ओवताना मुडपतो तसे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग गेला नाही. बाहेर आले तर काका म्हणाले, "आमच्याकडे बटणं मी लावायचो. त्याची बोटं थरथरायची शेवटी शेवटी." कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि जे कोणी होतं त्याचा हेवा वाटला. दोन्ही एकदम.

उन्हाळ्यात बँकवाल्याची नागपूरला बदली झाली आणि नाटक बंद पडलं. मुलांनी निरोपाला केक आणला. बँकवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझा पार्टनर दोन प्रयोगांनंतर यायचा बंद झाला, माहितेय? त्यालाही ती बटणं झेपत नव्हती." आम्ही दोघं खूप हसलो. हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

त्यानंतर नवरा बरेच दिवस गप्प होता. ऑफिसातून यायचा, ते बंद पडलेलं पेज उघडून बसायचा. मला त्या गप्प बसण्याचाही हेवा वाटला.

कल्याणच्या मुलीचा फोन मात्र यायला लागला, मला. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं आणि तिचं काय आहे ते तिच्या आईला कळलं होतं, घरात अबोला होता. "सरांना विचारू का म्हटलं, पण ते नुसतं छान बोलतील," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोलता." मी तिला फार काही शहाणपण सांगितलं नाही. आई जेवायला वाढते का विचारलं. वाढते, म्हणाली. मग थांब जरा, म्हटलं, बोलेल.

आता ती आठवड्यातून एकदा तरी फोन करते. मी बाल्कनीत जाऊन दार ओढून घेते. नवरा आतून विचारतो, "कोणाचा गं? एवढा वेळ?"

"माझा आहे," मी सांगते.