गीताबाई आणि मुकुंदरावांचा व्हायरस

दोन हजार सालाच्या आसपास मध्य प्रदेशातल्या बालाघाटात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यांच्या घरी मॉनिटरवर क्रोशाचं कव्हर आणि मनात व्हायरसची भीती असायचीच. त्या भीतीवर गीता रामटेकेचा संसार चालला.

आधी ती टायपिंग शिकवायची. टायपिंगची मशीनं भंगारात गेली, तेव्हा तिनं गोंदियाहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि इतक्यांदा बिघडवला की दुरुस्ती आपोआप आली. मग लुनावर बसून घरोघरी जायला लागली. तोंड मात्र फटकळ. नवरा वसंता म्हणायचा, "लोकाईशी गोड बोलत जाय." ती म्हणायची, "मी का हलवाई आहो?"

एकदा वनखात्यातून निवृत्त झालेल्या मुकुंदराव देवपुजारींनी तिला बोलावलं. त्यांचा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगात आला की पटकन मरायचा. दिवे चालू, पंखा चालू, हा एकटाच गार. जेवून आलं की पुन्हा ठणठणीत! एका मेकॅनिकनं सगळा डेटा पुसला, दुसऱ्यानं रॅम बदलली. मुकुंदरावांनी स्वतः शनिवारी नारळ फोडला. फरक शून्य.

गीतानं टेबलाखाली वाकून पाहिलं. "काका, हे वायर कुठं जाते?"

"स्वयंपाकघरात. इथल्या प्लगात ठिणग्या उडतात ना."

"तिथं कोणी पाह्यलं का?"

"तिथं काय पाहायचं?" मुकुंदराव चकित झाले. लग्न झाल्यापासून ते तिकडे पाणी प्यायलाही गेले नव्हते. मेकॅनिकही साहेबांच्या स्वयंपाकघरात शिरायला लाजले होते.

गीता सरळ आत गेली. मुकुंदरावांच्या बायको प्रेमलताबाई पोळ्या लाटत होत्या. पिठाच्या डब्याच्या वर भिंतीत, हाताशीच, तो प्लग.

"काकू, बटन तुम्हीच बंद करता नं?"

लाटणं थांबलं. "हौ," त्या हळूच म्हणाल्या. "किती हाका मारायच्या गं? 'एवढा डाव होऊ दे.' पोळ्या चामट होतात. एकदा चिडून बटण बंद केलं, तर मुकाट ताटावर येऊन बसले. तेव्हापासून रोज तसंच; जेवण झालं की परत चालू करते."

"अन् मेकॅनिक आले तवा काहून नाही सांगितलं?"

"मला कोणी विचारलंच नाही."

गीता पिठाचा डबा धरून हसत सुटली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण काकू, असं झटक्यानं बंद कराल तं एखाद दिवशी खरंच मरन तो. मी पाहतो."

बाहेर येऊन तिनं तोंड गंभीर केलं. "काका, मशीन तपते. संध्याकाळी तिले आराम लागते. काकूनं हाक मारली की स्टार्टमध्ये जाऊन नीट बंद करत जा."

"म्हणजे व्हायरस नाही?"

"आहे घरात. पण त्याले काढता येत नाही, अन् काढू बी नका."

मुकुंदरावांना अर्धंच कळलं, पण त्यांनी पाळलं. पोळ्या गरम खाऊ लागले. प्रेमलताबाईंची नवीन तक्रार अशी, की आता ते जेवताना सगळा डाव समजावून सांगतात.

मुकुंदरावांनी ही विद्या सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनाही वाटली. दिवाळीपर्यंत सगळी कॉलनी जेवणाच्या वेळी कॉम्प्युटरला आराम देऊ लागली. मलाजखंडहून एका इंजिनियरचा गीताला फोन आला: हा दोष नेमका कोणत्या कंपनीच्या मशीनमध्ये आहे?

"ज्या घरी बायको रांधते," गीता म्हणाली, "त्या सगळ्याईत."