बंगाली म्हणजे बंगालीच

हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगते. गेल्या वर्षी नववीत मी इंग्रजीत एक वाक्य बोलले. वाक्य अगदी बिनचूक होतं. त्या वाक्यामुळे मी आठवडाभर बाकावर एकटी बसले.

माझा स्वभाव असा की वर्गात हजेरी द्यायलाही घसा कोरडा पडतो. मैत्रीण अशी कुणी नव्हतीच. मग पावसाळ्यात मिताली सेन आमच्या शाळेत आली आणि जागा नव्हती म्हणून माझ्या शेजारी बसली. तिला मराठी येत नव्हतं, मला बोलता येत नव्हतं. छान जमलं आमचं.

एकदा तिने सांगितलं, "वी आर बेंगॉली."

घरी येऊन मी शब्दकोश काढला. बेंगॉली म्हणजे बंगाली. आता आमच्या आटपाडीत बंगाली म्हणजे काय, हे काय मी सांगायला हवं? स्टँडमागे पिवळी पाटी आहे: 'बंगाली दवाखाना. मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज.' आमच्याकडे कुणी हळूच "बंगाल्याकडं जाऊन आलो" म्हणाला, की समोरचा त्याला बसायला उशी देतो.

तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं, "युवर फादर ऑल्सो?"

"ऑफ कोर्स. मदर, ग्रँडफादर, एव्हरीबडी."

अख्खं घराणं! बायकासुद्धा हे काम करतात हे ऐकून मला फार अभिमान वाटला.

इकडे माझे आजोबा, म्हणजे आबा, दोन वर्षं उभ्यानेच चहा पीत होते. मिरजेला ऑपरेशन करा म्हटलं की चिडायचे. पिवळ्या पाटीखाली जायची लाज, कारण समोरच पारावर त्यांचे दोस्त बसतात. आमच्या भागातल्या पुष्कळ बाप्यांसारखे माझे वडीलही परमुलखात सोनं गाळतात. त्यांचं दुकान मदुराईला. म्हणून मीच आबांना म्हटलं, "माझ्या मैत्रिणीचे वडील बंगाली आहेत. घरीच बघतील. कुणाला कळणार नाही."

रविवारी आम्ही गेलो. सेनसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. ते टेलिफोन खात्यात नवे अधिकारी, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी सोडून.

"तकलीफ है?" त्यांनीच विचारलं. रविवारीही लोक फोनच्या तक्रारी घेऊन यायचे म्हणे.

"लय तकलीफ, सायेब," आबा म्हणाले. मी मनात म्हटलं, डॉक्टर असावा तर असा.

"कब से?"

"दोन साल झालं."

"दो साल! रोज होता है?"

"रोज सकाळी. मिरचीनं जास्त."

साहेबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "मिर्ची का खेत है पास में?"

"हाय की, अर्धा एकर."

"समझ गया. पानी अंदर गया होगा. कल दो आदमी भेजता हूँ. पहले ऊपर चढ़के देखेंगे, नहीं तो खोदना पड़ेगा."

आबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "खोदना?"

"डरो मत. सरकारी काम है."

"चल पोरी," आबा दाराकडे वळले. "ह्यापरीस मिरज बरी."

"अरे, फोन नंबर तो देके जाओ!"

"आमच्याकडं कुठला आलाय फोन?"

"तो फिर ख़राब क्या है?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी बघितलं. पडद्याआडून मिताली आणि तिची आई बघत होत्या. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "ही कॅनॉट सिट."

"बट व्हाय हिअर?" मितालीने विचारलं.

आणि मी ते बिनचूक वाक्य म्हटलं. "बिकॉज यू आर बेंगॉली."

दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत आठवडाभर मिताली दुसऱ्या बाकावर होती. आबा निमूटपणे मिरजेला जाऊन आले, पण माझ्याशी बोलताना अजून लांबूनच बोलत.

मग दिवाळीत एका सकाळी मिताली आणि तिची आई आमच्या दारात. आईच्या हातात मोडकं कानातलं. "तुम लोग मराठी हो ना? कलकत्ता में हमारी गली में एक मराठी था, सोना गलाता था. तुम्हारे पापा गला देंगे?"

माझा पारा चढला. मराठी म्हणजे काय सोनं गाळणारा? अशी कशी ही माणसं? आयुष्यात पहिल्यांदा मी मान वर करून, ठणकावून इंग्रजी बोलले, "ऑल मराठीज डू नॉट मेल्ट गोल्ड!"

आतून आबांचा आवाज आला, "कोण आलंय गं? सोनं गाळायचंय व्हय? आत घे त्यास्नी. तुजा बाप सुट्टीवर येऊन नुसता लोळतोय, दिल की गाळून."

वडील डोळे चोळत बाहेर आले आणि कानातलं उजेडात धरून बघू लागले. मिताली आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली.

सुट्टीनंतर ती माझ्या बाकावर परत आली. दप्तर ठेवलं आणि शिकलेल्या मराठीत शांतपणे म्हणाली, "स्टँडमागची पिवळी पाटी वाचली मी. तुझ्या आबांना सांग, थोडा वेळ द्या. माझे पप्पा पण शिकतील."