आय हॅव अ डाऊट

आता सगळं निस्तरलंय म्हणून मी हे हसत सांगतेय. तेव्हा मात्र माझ्या एका शब्दापायी एक चांगला माणूस नोकरी सोडून निघाला होता, आणि मी घरी बसून त्याच माणसाला खडूस म्हणत होते.

आमची व्हँकुव्हरची कंपनी छोटीशी आहे. कुठलं जहाज कधी येणार, कुठल्या धक्क्याला लागणार, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ते मुळात लिहिलं एका माणसानं, वीस वर्षांपूर्वी. आता साठीला आलेले, उंच, मिशीवाले, बोलणं अगदी मोजकं. इथे सगळ्यांना सरळ नावानं हाक मारतात, पण माझ्या नागपुरी जिभेला साठीच्या माणसाला नुसत्या नावानं बोलवणं काही जमेना. मी मनातल्या मनात त्यांना ‘मास्तर’ म्हणायचे. मला नोकरीवर घेतलं तेच मुळी त्यांचं काम शिकून घ्यायला.

मंगळवार-बुधवार ऑफिस, बाकीचे दिवस घरून. म्हणजे शिकायचं ते बहुतेक मेसेजवरूनच. सकाळी व्हँकुव्हरजवळ कोक्विटलामला आमच्या फ्लॅटवर चहाचा कप घेऊन बसायचे, मास्तरांचा कोड उघडायचे आणि जिथे अडेल तिथे मेसेज टाकायचे, ‘गुड मॉर्निंग. आय हॅव अ डाऊट.’ खाली काय अडलंय ते. त्यांचं उत्तर आलं की, ‘थँक यू. माय डाऊट इज क्लिअर.’

ही शाळेपासूनची सवय. तास संपताना बाई विचारायच्या, ‘कोणाला काही शंका?’ हात वर करणारी मुलगी म्हणजे लक्ष देऊन ऐकणारी मुलगी. पुढे इंजिनियरिंगला शंकेचा डाऊट झाला, एवढंच. पुण्यात दहा वर्षं नोकरी केली, तिथेही अख्खं ऑफिस एकमेकांना डाऊटच विचारायचं. कोणाला कधी काही वाटलं नाही.

पहिले काही आठवडे मास्तरांची उत्तरं छान असायची. मग ती लांबत गेली. एवढीशी गोष्ट विचारावी तर ते पानभर लिहायचे, जुने कागद जोडायचे, अमुक वेळी अमुक कारणानं हे असं केलं, त्याला अमक्यानं मान्यता दिली होती. मला कळेचना, मी काय कोर्टात बसलेय का? मग एकाएकी उत्तरं दोन ओळींवर आली. मंगळवारी जेवायला आमच्यासोबत बसायचे, तेही बंद झालं. मी समोरून ‘हाय’ म्हटलं की मान हलवून पुढे.

‘अरे बापा, काय तोरा आहे त्याचा!’ मी नवऱ्याला म्हणाले. रागात माझा ‘ते’चा ‘तो’ झाला होता. ‘आपला रंग दिसतो ना त्याला, दुसरं काही नाही. खडूस मेला.’

‘तुला कोणी दोनदा हसून बोललं नाही की तो खडूसच,’ नवरा म्हणाला. ‘विचार ना त्याला सरळ.’

‘मी? मी काय म्हणून विचारू?’

आणि नाहीच विचारलं. माझा स्वभावच तसा. भांडण मनातल्या मनात पूर्ण करून मीच जिंकून मोकळी होते.

मग एका बुधवारी संध्याकाळी मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला. ती इथलीच, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, एरवी हसतमुख. त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, ‘त्यांनी राजीनामा दिलाय. मंगळवारच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांना सांगणार आहे. पण आधी तुझ्याकडून ऐकायचंय. त्यांच्या कामाबद्दल तुला इतके डाऊट्स होते, तर माझ्याकडे का नाही आलीस?’

‘मला? त्यांच्या कामाबद्दल? अहो, किती सुंदर काम आहे ते!’ घाबरले की मी इंग्रजीतही ‘अहो’ म्हणते.

तिनं स्क्रीन दाखवली. आमच्या मेसेजांमध्ये ‘डाऊट’ हा शब्द शोधला होता. पिवळे पट्टेच पट्टे. आय हॅव अ डाऊट. वन मोर डाऊट. सॉरी, अगेन अ डाऊट. एका सोमवारी तर मी लिहिलं होतं, ‘आय हॅव सो मेनी डाऊट्स टुडे!’ वर हसरा चेहराही टाकला होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे डाऊट म्हणजे शंका नव्हे, संशय. मराठीत केवढं अंतर आहे दोघांत! शंका मास्तरांना विचारायची असते, संशय चोरावर घ्यायचा असतो. आणि मी रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणून त्या माणसावर संशय घेत होते.

मॅनेजरला मी कसंबसं समजावलं. ती डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, ‘हे तू त्यांना सांग. मी सांगून उपयोग नाही.’

मेसेज करायची तर माझी छातीच होईना. मी फोन लावला. इतक्या महिन्यांत पहिला फोन! भेटायचंय म्हटलं. ते म्हणाले, ‘उद्या दहाला मी कुत्रीला घेऊन तळ्यावर असतो. कोक्विटलामला.’ म्हणजे माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. शंभर गोष्टी विचारल्या मी या माणसाला, पण तुम्ही राहता कुठे, एवढं विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

सकाळी भुरभुर पाऊस होता. ते आणि त्यांची म्हातारी कुत्री, दोघंही सावकाश चालत होते. मी घरून पाठ करून नेलेलं सगळं विसरले आणि सरळ शाळेपासून सुरुवात केली. बाई, तास, वर केलेला हात. ‘आमच्याकडे डाऊट विचारणं म्हणजे मान देणं,’ म्हटलं. ‘ज्याला काही येतं त्यालाच विचारतात. तुम्हाला काही येत नसतं तर मी कशाला विचारलं असतं?’

ते थांबले. ‘म्हणजे डाऊट म्हणजे प्रश्न?’

‘हो. नुसता प्रश्न.’

‘माझ्या कामात चूक सापडली म्हणून नाही?’

‘एकही नाही सापडली. देवाशप्पथ.’

ते ओल्याच बाकावर बसले. कुत्रीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘रोज संध्याकाळी ‘डाऊट क्लिअर’ म्हणून तू मला निर्दोष सोडायचीस आणि सकाळी परत पकडायचीस. मी रात्ररात्र जुना कोड वाचायचो. चूक दिसायचीच नाही. मला वाटलं, तुला दिसतंय ते मला दिसेनासं झालंय. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, साठीच्या आसपास. शेवटी त्यांना मीही ओळखू यायचो नाही.’ ‘म्हटलं, लोकांसमोर तसं होण्याआधी निघून जावं. म्हणजे माझं डोकं ठीक आहे?’

मला रडूच फुटलं. ‘ठणठणीत आहे,’ मी म्हणाले. ‘डोकं माझं फिरलंय. मी घरी तुम्हाला खडूस म्हणत होते.’

‘म्हणजे काय?’

मी सांगितलं. अगदी खरा अर्थ. त्यांच्या मिशा हलल्या. ‘वीस वर्षांत मला कोणी एवढे प्रश्न विचारले नव्हते,’ म्हणाले. ‘जिनं विचारले, ती मला काढायलाच आलीय असं मी समजलो.’

छातीवरचा धोंडा उतरला की माझी जीभ सैल सुटते. मी डोळे पुसत म्हणाले, ‘आमच्याकडे आणखी एक डाऊट असतो. लघुशंका. स्मॉल डाऊट. तो आला की माणूस उठून वॉशरूमला जातो.’

‘यू आर जोकिंग.’

‘नाही हो! शुद्ध मराठीत तसंच म्हणतात.’

ते इतके हसले की कुत्री भुंकायला लागली. निघताना मी विचारलं, ‘आणि राजीनामा?’ ते गंभीर झाले. ‘बायकोशी बोललं पाहिजे. तिनं मनानं मला घरी आणलंय. मंगळवारी बघू.’

ते चार दिवस मी काय काढले ते माझं मला माहीत. एकही मेसेज टाकला नाही. अडलेलं सगळं वहीत लिहून ठेवलं.

मंगळवारी मीटिंगला आम्ही दहा-बारा जण. मास्तर कोपऱ्यात, चेहऱ्यावर काही दिसेना. मॅनेजरनं घसा साफ केला. ‘आज एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे,’ ती म्हणाली आणि त्यांच्याकडे बघितलं.

मास्तरांनी हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ.

‘आय हॅव अ डाऊट,’ ते म्हणाले. सगळे वळून बघायला लागले. ‘अ स्मॉल वन.’

आणि उठून शांतपणे वॉशरूमला गेले.

माझं हसू काही केल्या आवरेना. मी स्वेटरची बाही तोंडात कोंबली. सगळ्यांना वाटलं, हिला काय झालं? मॅनेजर तर तोंड उघडं टाकून बसलेली. दोन मिनिटांनी ते हात पुसत परत आले आणि खुर्चीवर टेकले.

‘सॉरी,’ म्हणाले. ‘माय डाऊट इज क्लिअर. मी कुठेही जात नाहीये.’

ते जाणार होते हे बाकी कोणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मी डोळे पुसले. दुपारी डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसले, वही उघडली, आणि आधी विचारलं, कुत्री कशी आहे.