अध्यक्ष ओरडला नाही

आयव्ही लेडलरने जन्मभर खाणीच्या कँटीनमध्ये बटाटे सोलले आणि पुरुषांची तोंडं बंद केली. डरहॅमकडच्या त्या गावात तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. एक बागमंडळ सोडून. मंडळ खाणकामगारांचं. प्रत्येकाकडे भाजीपाल्यासाठी जमिनीचा एक तुकडा, आणि सप्टेंबरात लीकचं प्रदर्शन. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा मनगटाएवढा जाड भाऊ. त्याच्यापायी सख्खे भाऊ अबोला धरत.

नवरा कथबर्ट गेला तेव्हा मंडळाचा अध्यक्ष विल्फ थर्लवेल दारात टोपी काढून उभा राहिला, दोन बरे शब्द बोलला, आणि पुढच्याच बैठकीत म्हणाला की बाईच्या नावावर तुकडा ठेवायची आपल्यात रीत नाही. आयव्ही बैठकीत घुसली. तिथे तिनं जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. पुष्कळ आरडाओरड्यानंतर मंडळ एवढ्यावर आलं: ईस्टरच्या आधी विल्फ पाहणी करणार. तुकड्यावरचं रोपांचं काचघर स्वच्छ आणि आत पेरणी झालेली दिसली तर तुकडा तिचा. नाहीतर गेला.

मार्चमधल्या एका शनिवारी ती कामाला लागली. पाडलेल्या घरांच्या खिडक्या जोडून कथबर्टने ते काचघर उभं केलं होतं. एका काचेवर दुसरी चढते त्या फटीतलं शेवाळ तिनं पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढलं. कुंड्या फिनेलच्या पाण्यात घासल्या, जुनी माती उपसली. फळ्यांखालच्या पोत्यांच्या ढिगाला तेवढा हात लावला नाही. प्रदर्शनात दरवर्षी पहिल्या येणाऱ्या कथबर्टच्या लीकची रोपं तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत जगवली होती. तो ट्रे फळीवर ठेवला आणि दार नुसतं लोटून जेवायला गेली.

परत येऊन आधी ट्रे बाहेर काढला, कारण आता गंधक जाळायचं होतं. वसंतात सगळेच जाळत. फटींत ओल्या चिंध्या कोंबायच्या, गंधकाची वडी पेटवायची, श्वास रोखून बाहेर यायचं आणि कुलूप घालायचं. सकाळपर्यंत आतला किडा न किडा मरून पडतो.

कुलूप घालून ती बाहेरच्या बादलीवर बसली. आत धूर चढत होता. काहीतरी पडलं. उंदीर असेल, तिला वाटलं.

मग उंदीर खोकला.

आयव्ही उठली, पण किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. खिसे चाचपते आहे तोवर, सकाळी तिनंच लख्ख केलेल्या काचेवर आतून एक पंजा टेकला. माणसाचा. तो सावकाश खाली घसरला. तिनं फावडं उचललं आणि दाराच्या काचा चौकटीसकट फोडल्या.

कॉलर धरून तिनं ज्याला बाहेर ओढलं तो विल्फ थर्लवेल होता. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी. गवतावर पालथा पडून तो ओकला. ओकतानाही टोपी त्यानं छातीशी धरलेली. तिनं ती हिसकावली. आत ओल्या कागदात गुंडाळलेली कथबर्टच्या लीकची तीन रोपं.

"ओरडला का नाहीस?"

"ओरडलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं, थर्लवेल चोर आहे."

"आणि मेला असतास तर? लेडलरच्या बायकोनं कोंडून मारला, म्हणाले असते. तुकड्यासाठी."

बोलता बोलता ती खालीच बसली. असंच म्हणाले असते. कुणाला शंकासुद्धा आली नसती. आणि हा माणूस तरुणपणी खाणीत गाडला गेला होता, रात्रभर ओरडत राहिला म्हणून सापडला, हे गावाला ठाऊक होतं. तोच आज पोत्यांमागे, तिच्यापासून हात लांब करायच्या अंतरावर, तोंड दाबून मरायला तयार होता.

काच फुटल्याचा आवाज ऐकून आजूबाजूच्या तुकड्यांतले लोक धावले. काय झालं, काय झालं. विल्फनं आयव्हीकडे पाहिलं. असा क्षण हाती यावा म्हणून तिनं अख्खा हिवाळा दात खाल्ले होते. आता ती टोपीतल्या रोपांभोवतीचा ओला कागद नीट करत बसली. बाईला शब्द फुटत नाही हे पाहून लोकच जास्त घाबरले.

"हिची रोपं चोरत होतो," विल्फच म्हणाला. "तीन. पाहणी झाली माझी. तुकडा हिचाच."

एकाच्या हातातली झारी तिरकी होऊन पाणी त्याच्या बुटांत जात होतं, तरी त्याला कळेना.

"पेरणी व्हायची आहे अजून," आयव्ही कशीबशी म्हणाली. "झाल्याशिवाय कुणी मला तुकडा द्यायचा नाही. तू तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी तिनं दाराला ताडपत्री ठोकली आणि पेरलं. पुडी हातातून निसटली आणि टोमॅटोचं सगळं बी दोनच कुंड्यांत ढिगानं पडलं. ते तिनं तसंच मातीआड केलं. पाहणीला दुसरा कुणी आला, दारातूनच मान हलवून गेला. तुकडा तिच्या नावावर चढला.

गंधक मात्र तिनं पुन्हा जाळलं नाही. लाल कोळी किडीनं त्या वर्षी काचघरातल्या काकड्यांची पानं पार खाल्ली. शेजारी हसले, आणि तिनं त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नाही.