त्या दिवशी हाळी कोणी दिली?

सोपान गेल्याची खबर माझ्याकडं कोणी आणायच्या आधीच मी ऐकली होती, फक्त ती मला कळली नव्हती. दुपारची वेळ. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या रानात माझी मेंढरं चरत होती. लाईट गेलेली, म्हणून शेजारची जिनिंग गप होती. मग विहिरींवरच्या मोटारी गुणगुणायला लागल्या, म्हणजे लाईट आली. मी काठीवर हनुवटी टेकवून थांबलो... आता सोपानची हाळी येईल. मशीन सुरू व्हायच्या आधी ती यायचीच. पण हाळी आली नाही. नुसती मशीन धडधडली, आणि लगेच कण्हून बंद पडली. मी मनात म्हणालो, सोपान चहाला गेला वाटतं, नाहीतर हाळीशिवाय मशीन कोण चालू करील? मेंढरांनी माना वर केल्या होत्या. जरा वेळानं बांधावरून जिनिंगवरचा गफूर पळत येताना दिसला. त्याच्या पायात चप्पल नव्हती. "तात्या, चला," एवढंच तो म्हणाला.

मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस आहे. हे मीच लिहिलंय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. पेपरवाल्यांनी माझ्या ऱ्हस्वदीर्घाला हात लावायचा तर लावावा, गोष्टीला लावू नये.

सोपान माझ्या बहिणीचा पोरगा. आमच्यात मामाची पोरगी करतात, तशी माझी गोदा त्याला दिली, म्हणून भाचा बी तोच आणि जावई बी तोच. त्याचा बाप लवकर वारला, तेव्हा माझ्याच मेंढरांमागं तो वाढला. अंगानं किडमिडा, पण आवाज असा की चारठाण्याच्या बाजूला चारायला गेलो आणि ह्यानं एका टेकाडावरून हाक मारली, की पल्याडच्या टेकाडावरची मेंढी मान वळवायची. संध्याकाळी आम्ही रानात वाघूर लावतो, म्हणजे मेंढरांभोवती जाळीचं कुंपण. त्याची शेवटची गाठ मारायच्या आधी हाळी द्यायची ही आमच्या घरची शिस्त. बांडे, मोरे, एकेकीचं नाव घ्यायचं आणि थांबायचं. कुणी मागं राहिली असली तर लांबून ओरडते. मेंढरू जबाब देतंच. माझ्या बापानं मला शिकवलं, मी सोपानला. मी ज्या गोष्टींचा ताठा मिरवत आलो त्यातली ही एक.

त्याच्या लग्नात ऐन जेवणाच्या वेळी लाईट गेली आणि माईक बंद पडला. तर हा बाशिंग बांधलेला नवरदेव बैलगाडीवर चढला आणि ओरडला, "झरीवाले पाव्हणेऽऽ, पंगतीला चलाऽऽ!" झरीवाले अजून ती गोष्ट काढून हसतात. घरात गोदा त्याला म्हणायची, "हळू बोला की, हे घर हाय, माळ न्हाई." तो म्हणायचा, "हळूच तर बोलायलोय." आणि शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून सांगायची, "न्हाई रं बाबा, मला समदं ऐकू यायलंय."

पुढं चराई राहिली नाही. पडीक रान कुठं उरलं? जिकडं जावं तिकडं तारा. निम्मी मेंढरं विकून सोपान जिनिंगवर कामाला लागला, तेव्हा मी त्याच्याशी बरेच दिवस बोललो नाही. एकदा टोमणा मारला, "आता लोखंडामागं हिंडतोस व्हय?" तर म्हणाला, "मामा, लोखंड जागचं हलत न्हाई, हिंडायचं कशाला," आणि जेवायला बसला. तो माझ्यावर कधी चिडला नाही. ह्याचाच मला राग यायचा.

जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी होऊन खाली एका लांब नालीत पडते. त्या नालीत पिळाचा लोखंडी दांडा फिरतो आणि सरकी पुढं ढकलत नेतो. सरकी तुंबली की मशीन बंद ठेवून माणसाला नालीत उतरावं लागतं. आणि चालू करायचं बटण आहे भिंतीच्या पलीकडं. बटणाजवळच्या माणसाला नालीतला माणूस दिसत नाही. सोपाननं हे पहिल्याच हंगामात बघितलं आणि आमची वाघुरीची हाळी तिथं चालू केली. मशीनीच्या आधी मधल्या दारात उभं राहून एकेकाचं नाव. "नामाऽऽ!" आतून "हाय!" "गफूरऽऽ!" "हाय!" सगळ्यांचा जबाब आला की हा हात वर करायचा, मग पलीकडं बटण दाबायचं.

बटणावर असायचा दिगंबर. आमच्याच गल्लीतला, सोपानच्या बरोबरीचा. त्याला जिनिंगवर सोपाननंच चिकटवला. माझ्या घरी तो एवढ्या वेळा जेवलाय की गोदा त्याला न विचारता ठेचा वाढायची. हाळीला पहिल्यांदा सगळ्यात जास्त हसला तो दिगंबरच. "ये धनगरा, आमी काय मेंढरं हाव का?" सोपान म्हणाला, "बाकीचे न्हाईत. तू हाईस. तू माझा बांड्या." दुसऱ्या दिवसापासून हाळीत त्याचं नाव बांड्या पडलं. "बांड्याऽऽ!" अशी हाक आली की दिगंबर भिंतीमागून "ब्यँऽऽ" करायचा आणि सगळी जिनिंग हसायची. मी रानात बसून ऐकायचो. माझी खरी बांडी फसून इकडून जबाब द्यायची. मी तिला म्हणायचो, गप गं, तुला न्हाई बोलावलं.

तर त्या दिवशी. लाईट गेलेली बघून सोपान तुंबलेली सरकी काढायला नालीत उतरला होता. हे सगळे कबूल करतात. मी पोचलो तेव्हा मला आत सोडत नव्हते, मी गेलो. काय बघितलं ते लिहीत नाही, गोदा हा पेपर वाचणार आहे. दिगंबर भिंतीला टेकून बसला होता, अंगभर कापसाचं भुरकं. त्यानं माझे पाय धरले आणि "तात्या, तात्या" करत राहिला. मी त्याला उठवलं. मी, मी त्याला पाणी पाजलं.

दहाव्याला दुधना नदीच्या काठावर पिंड ठेवलं. कावळे होते, लिंबाच्या झाडावर बसून बघत होते, पण खाली एक येईना. ऊन चढलं. मी हात जोडून म्हणालो, गोदाची काळजी करू नको. कावळा हलला नाही. भावकीतले एकेक पुढं येऊन बोलले, तुझ्या लेकीला शिकवू, मेंढरं मोडू देणार न्हाई... काही नाही. मग दिगंबर उठला. पिंडापुढं उकिडवा बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सोपान, हाळी दिली नव्हती. हे मी चौकशीच्या सायबापुढं सांगीन. जा आता." कावळा उतरला, पिंडाला शिवला. बायका रडायला लागल्या. मी दिगंबरच्या पाठीवर हात ठेवला.

आता हे शहरातल्या वाचणाराला खोटं वाटेल, वाटू द्या. आमच्याकडं पिंडापुढं दिलेली जबान शिक्क्याच्या कागदापेक्षा मोठी असते. म्हणून मी गप बसलो. परभणीचे पाव्हणे म्हणत होते, वकील बघा, आणखी दोघांचे जबाब लिहून घ्या. मी म्हणालो, कावळा शिवलाय, आता काय पाहिजे? लोक म्हणतात तिथं तात्या चुकला. मी चुकलो नाही. उद्या परत तशी वेळ आली तर मी परत विश्वास ठेवीन. विश्वास ठेवणाराची चूक धरायची आणि मोडणाराला सोडून द्यायचं, हा कुठला न्याय?

चौकशीला सरकारी सायब आले. दिगंबरनं त्यांच्यापुढं सांगितलं की हाळी नेहमीसारखी दिली होती, सोपानच गाफील राहिला. नामानं तेच सांगितलं. गफूर म्हणाला, मी बाहेर लघवीला गेलो होतो, मला मालूम न्हाई. म्हणजे झालं काय, की सोपान आपल्याच बेसावधपणानं मेला. ज्यानं दुसऱ्याला कधी बेसावध राहू दिलं नाही तो.

मग मी सायबांपुढं गेलो. म्हणालो, मी रानात होतो, हाळी झाली नाही.

"बाबा, तुम्ही किती लांब होता?"

"हाळी ऐकू येईल एवढा."

"वय काय तुमचं?"

"माझं का कानाचं?"

ते हसले. माणूस वाईट नव्हता, मला खुर्ची दिली. म्हणाले, "बाबा, जे ऐकलं ते मला लिहिता येतं. तुम्ही म्हणता ऐकू आलं नाही. ऐकू न आलेलं मी कसं लिहू?" मी म्हणालो, कळपातलं एक मेंढरू रात्री खोकलं नाही तर मला जाग येते. त्यांनी ते काही लिहिलं नाही.

दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. मी दारोदार गेलो. तुम्ही ऐकलं की नाही? ऐकलं. मग चला सांगायला. तर मान खाली. एक शहाणा म्हणाला, "तात्या, कावळ्यापुढचं कावळ्यापाशी. ते जबाबात धरत न्हाईत." ह्याच माणसाच्या बापाच्या दहाव्याला मी भर पावसात कावळ्याची वाट बघत उभा होतो. हंगाम चालू आहे, घरोघरचा कुणी ना कुणी जिनिंगवर आहे, ते मला कळतं. जिनिंगच्या शेठचा माणूस माझ्या बी घरी येऊन गेला. काय देतो म्हणाला ते इथं लिहिणार नाही. किती मिळालं हे मला सगळं गाव विचारतं. काय झालं हे कोणी विचारत नाही.

दिगंबर मला टाळायला लागला. एक दिवस पाराजवळ मी त्याच्या गाडीपुढं काठी आडवी धरली. "बांड्या, पिंडापुढं काय बोललास?"

तो गाडीवरून उतरला नाही. "तात्या, ऊन चढलं व्हतं. माणसं खोळंबली व्हती, गोदावैनी नुसती बसून व्हती... कावळा येईना. त्याला जायला सोपं व्हावं म्हणून बोललो."

"म्हणजे खोटं बोललास?"

"न्हाई."

"मग सायबापुढं खोटं बोललास."

त्यानं गाडीचं हँडल वळवलं. "तात्या, मला बी लेकरं हायती."

"सोपानला नव्हती?"

त्यानं गाडी काठीच्या बाजूनं काढली आणि गेला. मला फसवलं असतंस तर मी गिळून टाकलं असतं रे. तू मेलेल्याला फसवून वाटेला लावलंस.

आता जिनिंगवर भोंगा बसवलाय. मशीन सुरू व्हायच्या आधी तो वाजतो. माझी मेंढरं अजून बिचकतात. हाळी नेहमीसारखी दिली होती ना? मग भोंगा कशाला बसवला? हे मी शेठच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "बाबा, तुमी घरी जा." दिगंबरनं बटण आपल्या मनानं दाबलं, की लाईट आल्याबरोबर कुणी तरी "चालू कर" म्हणालं? म्हणालं असलं तर कोण म्हणालं? दारात कोण होतं? हे मी ज्याला त्याला विचारतो. लोक म्हणतात, तात्याला एकच पाढा येतो.

आणि एक गोष्ट मला उशिरा सुचली. सगळ्यांची नावं घ्यायचा सोपान. त्याच्या हाळीत नामा होता, गफूर होता, बांड्या होता. त्याचं स्वतःचं नाव नव्हतं, हाळी देणारा आपलं नाव कशाला घेईल? म्हणून त्याचं नाव घ्यायची सवय कुणालाच लागली नाही. तो नालीत उतरला तेव्हा दार मोकळं पडलं. एवढे दिवस त्याच्या हाळीवर हे सगळे बाहेर सुखरूप येत राहिले, आणि त्याच्यासाठी एकाच्या बी तोंडातून "सोपान" एवढं निघालं नाही. ना त्या दिवशी, ना सायबापुढं.

म्हणून मी रोज सकाळी मेंढरं घेऊन जिनिंगच्या भिंतीला लागून असलेल्या बांधावर जातो. गोदा म्हणते, "आबा, पुरे करा आता, ह्याच गावात ऱ्हायचंय आपल्याला." मी तिला म्हणतो, मी कुणाला शिव्या देत नाही, हाळी देतो. भोंगा वाजून गेला की मी सुरू करतो. नामाऽऽ. गफूरऽऽ. पूर्वी जबाब यायचे, आता येत नाहीत. बांड्याऽऽ. भिंतीमागं, बटणाजवळ तो उभा असतो, मला माहीत आहे. माझी बांडी एकदा ओरडते. मग मी शेवटचं नाव घेतो. सोपाऽऽन, बाहेर आलास काऽऽ?

आणि थांबतो. आमच्यात थांबायचंच असतं. भोंगा कधीच वाजून गेलेला असतो, पण मशीन चालू होत नाही. मी बी हलत नाही. गोदाला वाटतं, त्यांचं ते थांबणं म्हणजेच कबुली. मला तसं वाटत नाही. मला तोंडानं सांगितलेलं पाहिजे. तेवढ्या वेळात भिंतीपलीकडून कुणीही बोलू शकतं, एक शब्द पुरे आहे... मी कान देऊन उभा राहतो.

मग मशीन चालू होते.